कागदी कर्नल

दुओंग नदीकाठच्या आमच्या गावात मेलेल्यांसाठी कागदाच्या वस्तू बनतात. घरं, मोटारी, बूट. पितरांच्या सातव्या महिन्यात त्या जाळल्या की ज्याच्या त्याला पोचतात म्हणे. मला विचाराल तर जाळलं की राख होते, बाकी काही नाही. पण धंदा आहे, आणि कामट्यांवर कागद ताणून चिकटवायला माझा हात बरा आहे.

थोआमावशी जुनं गिऱ्हाईक. तिचा नवरा ख्वात दक्षिणेकडच्या लढाईत गेला तेव्हा साधा शिपाई होता, ऐन विशीतला. मावशी दर काही वर्षांनी नवा कागदी गणवेश जाळून त्याला बढती द्यायची. आधी खांद्यावर एक पट्टा, एक तारा. मग दोन तारे, तीन, चार. मग दुसरा पट्टा, आणि तारे पुन्हा पहिल्यापासून. गेल्या खेपेस तो कर्नल झाला.

यंदा ती हसतच आली.

"आता काय, जनरल?" मी चिडवलं.

"छे गं मियेन, रिटायर होतायत. साधा पांढरा सदरा कर." मग हळूच म्हणाली, "आणि एक शिपायाचा गणवेश. माझ्या मापाचा."

"या वयात भरती होतेस?"

"स्वप्नात आले होते. बदली माणूस मिळाल्याशिवाय सोडत नाहीत म्हणाले." तिने माझा हात धरला. "जन्मभर वाट बघितली गं. एकदा घरी येऊ देत त्यांना."

मला तिची फार कीव आली. दोन्ही कपडे मी मन लावून केले. दुपारी तिच्या अंगणात दोघींनीच ते जाळले. वारा पडलेला होता. तरी गणवेशाची राख जमिनीलगत सरकत दक्षिणेकडे गेली. मावशी तिच्याकडे बघत उभी होती.

दुसऱ्या सकाळी मी तिच्यासाठी चिकट भात घेऊन गेले. दार उघडं होतं, चूल पेटलेली होती. मावशी दिसेना.

पलंगावर एक तरुण बसला होता. अंगात पांढरा सदरा. कॉलरपाशी माझ्या खळीचा डाग.

"मावशी कुठाय?" मी विचारलं.

"ड्युटीवर." तो अदबीने उठला. "तुम्हीच मियेनताई ना?"

मी मान हलवली.

"तिला परत आणायचंय," तो म्हणाला. "आधी तिच्या खांद्यासाठी एक पट्टा, एक तारा करून द्या."