मागच्या खोलीतले आजोबा

सकाळची कामं आवरून माई झाडू, फडकं आणि किल्ल्या घेऊन जिना चढल्या. वरची जागा बघायला पुन्हा कोणीतरी येणार होतं. त्यांनी खिडक्या उघडल्या. गढूळ पाणी निघून जावं म्हणून नळ थोडा वेळ सोडून ठेवला. कुरकुरणारं दार तेल घालून गप्प केलं. मागच्या खोलीत मात्र तो वास होताच. पावसात भिजलेला लोकरीचा कोट न वाळवता कपाटात कोंडावा, तसा. कितीदा फरशी पुसली, खिडकी सताड उघडी टाकली, तरी हटेना.

बघायला येणाऱ्यांची कमी नव्हती. एकीला भिंतींचा रंग तिच्या सोफ्याला शोभणार नाही असं वाटलं. एकाने न्हाणीघरात उभं राहून गाणं म्हणून पाहिलं, आवाज छान घुमतो म्हणाला, आणि गेला तो गेलाच. बाकीचे सगळे एका साच्यातले. पुढची खोली बघून खूश, स्वयंपाकघर बघून आणखी खूश, आणि मागच्या खोलीत डोकावून आले की "कळवतो हं." त्यानंतर त्यांचे फोनही लागायचे नाहीत.

माई अगदी रडकुंडीला आल्या होत्या. घर दोघा भावांचं. खालचा मजला माईंच्या यजमानांच्या वाट्याचा, वरचा दिरांचा. यजमान गेले आणि दीर राहायचे परगावी. त्यांनी फोनवर स्वच्छ सांगून टाकलं होतं, "वहिनी, महिनाअखेर भाडेकरू मिळाला तर ठीक. नाहीतर घर विकून मोकळे होऊ. तुमच्यासाठी एखादी खोली बघू की कुठेतरी."

एखादी खोली, कुठेतरी. ज्या घराची प्रत्येक फरशी कुठे हलते हे त्यांच्या पायांना अंधारातही ठाऊक होतं, ते सोडून.

म्हणून त्यांनी आपल्या परीने साकडं घातलं होतं. रोज तिन्हीसांजेला वर जायचं, रिकामं घर काळोखात बसू नये म्हणून उंबऱ्याशी दिवा लावायचा आणि दार अर्धं उघडं ठेवायचं. बंद दार बघून माणूस मागे फिरतो, असं त्यांचं आपलं मत. मग हात जोडून मोठ्याने म्हणायचं, "कोणीही येऊ दे राहायला. मी नाही म्हणणार नाही."

हेच त्या देवापुढे बसून म्हणाल्या असत्या, तर गोष्ट निराळी होती. माई म्हणायच्या ते दारात उभ्या राहून, बाहेरच्या अंधाराकडे तोंड करून.

दुपारी एजंट एका शाळामास्तरांना आणि त्यांच्या बायकोला घेऊन आला. माई जिन्याच्या तोंडाशी थांबल्या. दोघं आतून आली ती हसतच.

"जागा आवडली हो आम्हाला," मास्तरीणबाई म्हणाल्या. "फक्त ते आजोबा कधी सोडणार आहेत?"

"कोण आजोबा?"

"मागच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर बसलेत ते. पाठमोरे. आम्ही नमस्कार केला, तर नुसते खाकरले. रविवारपर्यंत खोली मोकळी झाली तर आम्ही सामान हलवतो."

ती दोघं खाली उतरली तसा एजंट माईंवर घसरला. "माई, माझं तोंड काळं करताय तुम्ही. सगळी गिऱ्हाइकं हेच सांगतात, राहतं घर काय दाखवता म्हणून. मला वाटलं, तुमचे कोणी आजारी नातेवाईक असतील, म्हणून इतके दिवस जीभ आवरली."

"तुम्ही पाहिलंत त्यांना?"

"मी कशाला आत जातोय? मी पुढच्या खोलीत फोनवर."

माई त्या खोलीत सकाळीच झाडू मारून आल्या होत्या. कट्टाही पुसला होता.

तिन्हीसांजेला त्या वर गेल्या. दिवा हातात घेऊनच त्या आत शिरल्या. मागची खोली रिकामी होती. वास मात्र नाकाशी आला होता.

"अहो... कोणी आहे का?"

कट्ट्याच्या बाजूने कोणीतरी घसा साफ केला. सावकाश. सभ्य माणूस दारात येऊन चाहूल देतो, तसा.

पण माईंचा इतक्या दिवसांचा वैताग भीतीपेक्षा वरचढ ठरला.

"हे बघा... मीच बोलावलं, माझंच चुकलं. पण जागा मोकळी करा हो... नाहीतर माझं घर जाईल." आणि मग, कोणालाही परत पाठवताना जीव कासावीस व्हायचा तसा झाला म्हणून, त्या बोलून गेल्या, "तुमची कुठे सोय नाही लागली... तर मी बघेन काहीतरी."

ओली लोकर त्यांच्या दंडाला घासून गेली. जिना एकेका पायरीने करकरला, म्हातारं माणूस कठडा धरून उतरतं तसा. मग सगळं शांत झालं. फाटकाची कडी वाजलीच नाही, हे तेव्हा माईंच्या ध्यानात आलं नाही.

रविवारी मास्तरांचं सामान आलं. "गेले वाटतं आजोबा," मास्तरीणबाई खोलीभर फिरून म्हणाल्या, "वासही गेला." दिरांचा फोन आला, "वहिनी, जिंकलात बुवा." माईंनी वरचा दिवा घासूनपुसून खाली आणला, फडताळात ठेवून दिला आणि देवापुढे डोकं टेकलं. डोक्यावर कपाटं सरकत होती, कोणीतरी हसत होतं. किती दिवसांनी घर घरासारखं वाटत होतं.

संध्याकाळी त्या चहा ठेवायला उठल्या. लाकूड फुगल्यामुळे त्यांच्या मागच्या खोलीचं दार वर्षानुवर्षं लागत नव्हतं. आज ते लागलेलं होतं. फटीतून ओल्या लोकरीचा वास येत होता. आत कोणीतरी हळूच खाकरलं.

माईंनी शब्द दिला होता. राहू दे, एकटा जीव आहे, असं त्यांनी मनाला समजावलं, आणि चहाला आणखी एक कप काढला.

कप घेऊन वळल्या तेव्हा बाहेरच्या खोलीत उजेड दिसला. फडताळातला दिवा त्यांच्या उंबऱ्याशी तेवत होता. आणि कडी लावून घेतलेलं पुढचं दार कोणीतरी, अगदी त्यांच्याच पद्धतीने, अर्धं उघडून ठेवलं होतं.