खाणीतल्या बाईचा आवाज

हाडांवरून मेलेल्या माणसाचा आवाज तयार करता येऊ लागला, तेव्हापासून गुन्ह्यांच्या पॉडकास्टवर नुसतं निवेदन कुणी ऐकेनासं झालं. लोकांना मेलेला माणूसच बोलताना हवा असे.

रेडिओतली नोकरी गेल्यावर शाल्मली टिळेकरनं मिरजेत स्वतःचा पॉडकास्ट काढला. पहिल्या भागासाठी तिनं ऋतुजाचं प्रकरण निवडलं. घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न ठरवून ही मुलगी नाहीशी झाली होती. वर्षभरानं बंद खाणीत एक सांगाडा सापडला आणि पायातलं पैंजण पाहून तिच्या आईनं ओळख पटवली. संशय भावावर, संग्रामवर होता. पुरावा मिळाला नाही.

शाल्मलीनं कोर्टाच्या परवानगीनं कवटीचं स्कॅन मिळवलं आणि ते शरीरशास्त्रज्ञ डॉ. इक्बाल मुजावरांकडे नेलं.

"बासरी मोजली की न वाजवताही तिचा सूर सांगता येतो," मुजावर म्हणाले. "जबडा, टाळू, नाकाच्या पोकळ्या मोजल्या की माणसाचाही सांगता येतो. आम्ही त्याला कंठछाया म्हणतो. पण आवाज तेवढा तिचा. शब्द तुमचे."

"ती भावाचं नाव घेईल."

"तिनं घेतलं असतं, की तुम्हाला घ्यायचंय?"

"तुम्ही आवाज द्या, डॉक्टर. बाकीचं मी बघते."

जाहिरात सुरू होताच ऋतुजाची आई, सुनंदाबाई, स्टुडिओत आल्या. बसल्या नाहीत.

"हे थांबीव. गेलेल्या पोरीला कशाला उकरतीस?"

"मुलाला वाचवताय तुम्ही."

सुनंदाबाई दाराकडे वळल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या हातानं वाटोळं व्हायचंय, दुसरं काय." आणि निघून गेल्या.

पहिला भाग लाखो लोकांनी ऐकला. खाणीतली बाई म्हणाली, "मला माझ्या दादानं मारलं." दुसऱ्याच दिवशी संग्राम स्टुडिओत आला. त्याच्या मोटारीच्या काचा लोकांनी फोडल्या होत्या, पण तो शांत होता. त्यानं फोन टेबलावर ठेवला. त्यात ऋतुजा कॉलेजच्या स्नेहसंमेलनात बोलत होती.

"हा तिचा आवाज. तुमच्या पॉडकास्टमधली बाई कोण आहे?"

शाल्मलीनं मुजावरांना बोलावून घेतलं आणि त्यांनी तिथंच दोन्ही आवाज ताडून पाहिले. "ही दोन वेगळी माणसं आहेत," ते म्हणाले. "खाणीतला सांगाडा ऋतुजाचा नाही."

"म्हणजे ती जिती आहे," संग्राम म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज बदलला. "उपकार झाले, मॅडम."

शाल्मली तडक सुनंदाबाईंकडे गेली. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"ते पैंजण तिचं नव्हतंच," त्या म्हणाल्या. "मेली म्हटल्याबिगर संग्राम तिला शोधायचा थांबला नसता. आता कुठं लपवू तिला? सांग की. तू शिकलीस ना?"

दार बंद झालं.

"चेहरा बदलता येतो, नावही," मुजावर शाल्मलीला म्हणाले. "पण कवटी बदलत नाही. जुन्या आवाजावरून ती आज कशी बोलत असेल, हेही काढता येतं. आणि तशा आवाजात जवळपास कुणी बोललं तर ओळखायला साधा फोन पुरतो." मग ते म्हणाले, "आणि ती खाणीतली कोण होती, हे मला अजून एकानंही विचारलेलं नाही. तुम्हीही."

पुढच्या आठवड्यात संग्रामनं स्वतःचा पॉडकास्ट काढला. नाव ठेवलं, 'माझी बहीण'. तो हळू, रडवेल्या स्वरात बोलला आणि शेवटी तसा बनवून घेतलेला ऋतुजाचा आजचा आवाज लावला. शाल्मलीनं तक्रार केली. पॉडकास्ट प्रसारित करणाऱ्या कंपनीचं उत्तर आलं : भाऊ बहिणीला शोधतोय, यात कोणताही नियम मोडलेला नाही.

संध्याकाळी त्या भागाखाली कुणीतरी लिहिलं, "आमच्या गल्लीत शिवणक्लास घेणाऱ्या ताई अगदी अशाच बोलतात. फोननंही तेच दाखवलं. पत्ता पाठवू का?"

खाली संग्रामचं उत्तर होतं, "पाठवा, दादा. आई वाट बघतेय."