सतराव्या सोंगटीनंतर

सोमवारी सेऊलहून मोठे गुरुजी येणार होते. दाउल त्यांच्या परीक्षेत उतरली की ते तिला आपल्या घरी नेणार आणि तिथंच ठेवून बादुक, म्हणजे काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा पटावरचा खेळ, शिकवणार. आठ वर्षांची माझी पोर. माझं मन होत नव्हतं, पण सौदीहून तिच्या बाबांचं पत्र आलं, अडवू नकोस म्हणून. मग रविवारी जेवणं आटोपून आम्ही दोघी पट मांडून बसलो.

पुस्तक जपानी, पटाच्या कोपऱ्यातल्या ठरलेल्या चालींचं. एका वारलेल्या खेळाडूच्या बायकोनं दिलेलं. "यांचे डोळे गेल्यावर मीच वाचून दाखवायचे," ती म्हणाली होती. "ने बाई. सुटले मी."

मला जपानी येत नाही, खेळही येत नाही. पण चित्रातल्या प्रत्येक सोंगटीवर आकडा असतो. मी बोटानं रेघा मोजून जागा सांगायची, दाउलनं पुस्तकात न बघता सोंगटी ठेवायची. ऐकून खेळलं की चाल हातात बसते, असं तिचे इथले सर सांगतात.

"उजवीकडून तिसरी, वरून पाचवी."

टक्. काळी.

"चौथी, सहावी."

टक्. पांढरी.

त्या चित्रात सतराच सोंगट्या होत्या. सतरावी सांगितली, तिनं ठेवली आणि मी उकडलेलं रताळं सोलायला घेतलं.

टक्.

"ही कुठली गं?"

"तू सांगितलीस ना."

"मी कधी सांगितली?"

"आत्ता. काय गं आई, स्वतःच सांगतेस आणि स्वतःच विचारतेस."

मी ओठ घट्ट मिटून बसले. दाउलनं कान दिला, "हं" म्हणाली आणि एकोणिसावी ठेवली. मग विसावी.

आमच्याकडे थंडीत जमिनीखाली कोळशाच्या वड्या जळतात. फटीतून त्यांचा विषारी वायू आत शिरला तर माणसाला भलतेसलते भास होतात, झोपेतच माणसं जातात. मला तेच वाटलं. खिडकी उघडली, दाराला कुलूप घातलं आणि पोरीला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरांनी तिचे डोळे बघितले, जीभ बघितली. म्हणाले, "पोरगी ठणठणीत आहे. तुम्हीच जरा झोप काढा."

परत आलो तेव्हा उन्हं अंगणातच होती. घरमालकीण आजी कोबीला मीठ चोळत बसल्या होत्या.

"दाउलच्या आई, घसा नाही बसत तुझा? दुपारपासून आपलं तिसरी, पाचवी... माझी डुलकी घालवलीस."

"आजी, आम्ही दोन तास दवाखान्यात होतो."

"कर थट्टा म्हातारीची," आजी म्हणाल्या. मग त्यांचा मिठातला हात थांबला. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

उघड्या खिडकीतून ऐकू येत होतं. "दुसरी... नववी..." आवाज माझाच होता. पण इतक्या शांतपणे मी माझ्या पोरीशी कधी बोललेच नव्हते.

मी दाउलचा हात गच्च धरला. ती दाराकडे ओढ घेऊ लागली. मग वळून तिनं माझ्याकडे बघितलं, जसं रस्त्यावरच्या अनोळखी बाईकडे बघतात.

"सोडा ना, काकू," ती म्हणाली. "आई थांबलीय."