कुलूपबंद भट्टीतले पाव

"कुलूप शाबूत होतं, चावी माह्याजवळ नव्हती, अन् भट्टीत पाव गरम होते," रऊफ म्हणाला. "आता सांगा बाई, मी कोणाचं नाव घेऊ?"

मंगरूळपीरहून पहिल्या मोटारीनं तो वाशीमला आला होता आणि रुपाबाईंच्या ओसरीवर अवघडून बसला होता. रुपाबाईंचे यजमान फौजदार होते. त्यांच्या माघारी बाईंनी खासगी चौकशीचं काम धरलं आणि नाव मिळवलं. श्रावणी सोमवारची पूजा नुकतीच आटोपली होती. शेजारी त्यांचे दीर किसनसिंग चहा-चिवडा घेत होते. ते पोलिसातून नाईक म्हणून निवृत्त झाले होते, आणि सोमवारचा उपास त्यांना झेपत नसे.

"पहिल्यापासून सांगा भाऊ," रुपाबाई म्हणाल्या.

रऊफचा मंगरूळपीरला पावाचा कारखाना होता. नव्या कायद्यानं दुकानांतल्या नोकरांचे तास ठरले होते. भट्टीवाल्यांना तर बजावलं होतं की रात्री नोकराकडून काम घ्यायचं नाही.

"मी कायदा पाळतो. लोकाईनं बोट दाखवू नये म्हणून दिवे लागायच्या आधी कुलूप लावतो अन् चावी शेजारच्या शालिग्रामशेटले देतो. शनिवारी सकाळी त्या कायद्याचे इन्स्पेक्टर आले. शेटनं चावी आणली, पंचाईसमोर कुलूप काढलं, तं भट्टीत ताजे पाव."

"मग?"

"साहेब म्हणे, रात्री कोणीतरी राबलं. मंगळवारपर्यंत त्याचं नाव सांग, नाहीतर खटला. खटला झाला तं कारखाना बसला, बाई. गिऱ्हाईक आधीच कमी झालं. सकाळी ताजा पाव नाई म्हणून लोक तोंड फिरवतात. माह्या मनात तं येत होतं, चोरून रात्री भट्टी लावावी. घरी बोललोही. पण लावली नाई."

"नोकर कोण?"

"एकटा सादिक. भट्टी त्याच्याशिवाय कोणाले जमत नाई, म्हणून त्याले काढून टाकलं. तो कसमा खाऊन राह्यला."

किसनसिंगांनी कप खाली ठेवला. "वहिनी, चोर सापडला. सादिक."

"चला, मोटार निघून जाईन," रुपाबाई म्हणाल्या.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली. दार एकच. उंचावर धुराडं होतं, त्यातून मांजरही शिरलं नसतं. इन्स्पेक्टरच्या हुकुमानं शनिवारपासून भट्टी बंद होती, सगळं जसंच्या तसं होतं.

रुपाबाईंनी भट्टीच्या तोंडात हात घातला आणि बोटांवर राख घेतली. आत खोलवर बाभळीचे काळे कोळसे होते. पण तोंडाशी जी राख होती ती पांढुरकी, मऊ, पिठासारखी.

"गोवरीची," किसनसिंग म्हणाले. "पावाच्या भट्टीत गोवरी कायले?"

"लोबानाची असन," रऊफ म्हणाला. "अम्मा रोज संध्याकाळी भट्टीले लोबान दाखवते. गोवरीचा निखारा घेऊन येते."

"लोबानाले गोवरीचा तुकडा पुरते," रुपाबाई म्हणाल्या. "ही टोपलीभर हाये."

शालिग्रामशेट कापडाच्या दुकानात बसले होते. ते आधीच तापलेले होते.

"माह्यावर शक घेता? चावी माह्या उशाखाली होती. मी दुकानातच निजतो."

"रात्री काही आवाज, काही वास?"

"ते धुराडं पाहा, माह्या खिडकीकडं तोंड करून हाये. भट्टी पेटली का सारं कापड धुरकट होते. त्यावरून आमची भांडणं झाली. कायदा आला तसा मी सुखानं झोपून राह्यलो. त्या रात्रीही धूर नव्हता. असता तं मी रऊफच्या दारात उभा राह्यलो असतो."

"हे मात्र खरं," रऊफ पुटपुटला.

सादिक दर्ग्याच्या पायरीवर बसला होता. मालकाला पाहून त्यानं तोंड फिरवलं, पण रुपाबाईंशी नीट बोलला.

"मी सकाळसाठी पीठ मळलं, झाकलं. भट्टीतले निखारे राखेखाली दाबले अन् घरी गेलो. मालक कुलूप घेऊन दारात उभे होते."

"सकाळी काय दिसलं?"

"पीठ रातभरात फुगून काठाच्या वर येते. त्या दिवशी काठाच्या खाली होतं. मी सांगतलं, तं मालक म्हणे, तूच चोरलं अन् तूच बोंबलून राह्यला."

इन्स्पेक्टर डाकबंगल्यावर उतरले होते. तरुण गृहस्थ, बोलायला सभ्य. त्यांनी कागदात गुंडाळलेले पाव पुढं केले.

"बाई, मला कोणाचं वाईट करायचं नाही. पण भट्टीवर रात्रभर जागून माणसं खंगतात, हे मी गावोगाव पाहिलंय. म्हणूनच हा कायदा आलाय."

पाव जाड, चपटा होता. रुपाबाईंनी तो उलटा केला. तळाशी मधोमध एक ठसठशीत रेघ होती आणि दोन्ही बाजूंना तिच्यातून फुटलेल्या बारीक रेघा.

"जाळीवर भाजलाय," इन्स्पेक्टर म्हणाले.

"जाळीच्या रेघा सरळ राह्यत्या साहेब. भाऊजी, माहा उपास हाये, तुमी चाखा."

"अहो, पुरावा आहे तो," इन्स्पेक्टर म्हणेपर्यंत किसनसिंगांनी तुकडा तोंडात टाकला होता.

"वरून कडक, आतून मऊ," ते चावत म्हणाले. "पण पावाची चव नाई ही. वावरात बसून खाल्ल्यासारखी लागते. काय ते ध्यानात येऊन नाई राह्यलं."

शेवटी रुपाबाई रऊफच्या घरी, त्याच्या आईला, कुलसुमबींना भेटायला गेल्या. म्हातारी अंगणात तांदूळ निवडत होती. किसनसिंग बाहेरच थांबले.

"तुमचं माहेर कुठलं, अम्मा?"

"अनसिंगजवळचं खेडं. बापाची शेती होती. या घरात आली तं भट्टीशी गाठ पडली." तिनं सूप बाजूला ठेवलं. "रऊफचे अब्बा जमशेदमियाँ रातभर भट्टीवर राह्यत. दिवसा माणसाले नीट नीज येते का? एका पहाटे डुलकी लागली अन् भट्टीच्या तोंडावरच पडले. त्या भाजण्यातून उठले नाईत."

मग म्हातारीनं खाली पाहत विचारलं, "बाई, ज्यानं केलं त्यानं कबूल केलं, तं रऊफलेही सजा होईन का?"

"मी साहेबाले विचारते," रुपाबाई म्हणाल्या.

उन्हं कलताना त्यांनी सगळ्यांना कारखान्यात बोलावलं. इन्स्पेक्टर, शालिग्रामशेट, सादिक, रऊफ आले. कुलसुमबी डोक्यावर पदर ओढून दाराशी उभी राहिली.

"रात्री इथं कोणी आलं नाई," रुपाबाईंनी सुरुवात केली. "कुलूप शाबूत, चावी शेटच्या उशाखाली. अन् भट्टीही पेटली नाई, कारण धूर निघाला असता तं शेट आधी उठले असते."

"मग पाव काय आभाळातून पडले?" शेट म्हणाले.

"पाव कुलूप लावायच्या आधीच आत होते. कच्चे. ते रातभर भाजत राह्यले."

"रातभर?" रऊफ म्हणाला. "बाई, पाव भट्टीत जरा जास्त राह्यला तरी कोळसा होते."

"तुमच्या रीतीनं होते. म्हणून तुमाले अन् सादिकले हे सुचलंच नाई. पावाच्या तळाच्या रेघा पानाच्या शिरा हायेत, पळसाच्या. तोंडाशी गोवरीची राख टोपलीभर. भाऊजी, पळसाच्या पानात कणीक ठेवून गोवऱ्याईच्या आरात, निखाऱ्यात, काय भाजतात?"

किसनसिंगांचे डोळे मोठे झाले. "पानगे. हात्तिच्या, पानगे. वावरातली तीच चव ही."

"पान करपून राख होते, पण आतला पाव जळत नाई, अन् राखेखालचा आर धूर न करता हळूहळू निवत जाते. पिठाचा गोळा सादिकच्या परातीतला, म्हणून पीठ कमी भरलं. सादिक निघाला अन् कुलूप लागलं, त्याच्या मधात आत एकच माणूस जाते. लोबान घेऊन. घरातलं माणूस अन् रोजचंच जाणं, म्हणून कोणी ते धरलंच नाई. तिच्या टोपलीत त्या दिवशी गोवऱ्या जास्त होत्या अन् पानंही होती."

सगळे दाराकडं वळले.

कुलसुमबी उंबऱ्याच्या आत आली. "रऊफ म्हणे, गिऱ्हाइकासाठी पुन्हा रात्री भट्टी लावतो. मी म्हटलं, एकदा लावून तं पाहू, सकाळी गरम पाव निघाला तं याचं जागणं टळन. अन् सकाळी साहेब उभे. खटला म्हणाले, मी भ्याली. वाटलं, मी बोलली तं याच्यावर गुन्हा पक्का होईन."

"अम्मा, सादिकची नोकरी गेली ना," रऊफ म्हणाला.

"मी त्याच्या घरी भाकर पोचवून राह्यली रोज."

"हो का," सादिक म्हणाला. "मले वाटलं दर्ग्यातून येते."

रुपाबाईंनी इन्स्पेक्टरांकडं पाहिलं. "साहेब, अम्मानं विचारलं, कबूल केल्यावर लेकाले सजा होते का?"

इन्स्पेक्टरांनी वाकून भट्टीच्या तोंडाशी असलेली राख पाहिली. "रात्री नोकर राबला का? नाही. कोणी जागलं का? नाही. ठरल्या वेळेआधी आईनं राखेत पाव ठेवले आणि घरी जाऊन निजली. रऊफमियाँ, यात खटला कसला? मी तसं लिहून देतो, भट्टी उघडा."

शालिग्रामशेटनी खिशातली चावी काढून रऊफच्या हातात ठेवली. रऊफ सादिकपुढं जाऊन उभा राहिला.

"जाऊ द्या मालक," सादिक म्हणाला. "अंधार व्हायच्या आत पीठ मळाले पाह्यजे."

रुपाबाईंनी डोळे मिटून मनातल्या मनात महादेवाला हात जोडले.

रऊफ आईजवळ आला. "अम्मा, आज संध्याकाळी पानं कशी लावतं ते मले दाखवजो. किती आर ठेवतं, राख किती टाकतं. मी सकाळपर्यंत इथंच बसून पाहतो."

कुलसुमबीनं त्याच्या दंडाला धरून त्याला दाराकडं फिरवलं.

"तू पाहू नको," ती म्हणाली. "तू घरी जाऊन नीज."