बगळीचा दुसरा गियर

“पकड, रविना! दांडी पकड!” मावशी ओरडली.

रविनाने दोन्ही हातांनी गियरची दांडी दाबून धरली. पण उतार लागला, मावशीने ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल केला, आणि ‘खाडकन्!’ दांडी तिच्या हातातून उसळून मोकळी झाली. इंजिनाचा आवाज एकदम बसला आणि मोटार आपल्याच वजनाने सुसाट निघाली. रत्नप्रभामावशीने करकचून ब्रेक दाबला. मागे हरेश आणि जया एकमेकांवर आदळले. करवंदांची टोपली जयाच्या मांडीत पालथी!

“माझा फ्रॉक!” जया किंचाळली.

“फ्रॉक धुता येतो गो!” हरेश म्हणाला. “पुढं वळण होतं ते दिसलं नाय काय तुला?”

स्टिअरिंगवर हात ठेवून मावशी समोरच्या डोंगराकडे बघत राहिली.

मावशी वैशाखरे गावची नर्स. हरेश तिचा मुलगा, जया शेजारची, आणि रविना दर मे महिन्यात शहापूरहून इथे यायची. खरं सांगायचं तर ती यायची बगळीसाठी! बगळी म्हणजे ही दुधी रंगाची, गोल पाठीची जुनी विलायती मोटार. गाव सोडून जाताना एका डॉक्टरांनी ती मावशीला दिली होती. अडलेल्या बायकांना पाड्यांवरून मुरबाडच्या दवाखान्यात न्यायला हीच मोटार धावायची. कितीतरी पोरं हिच्या मागच्या सीटवरच पहिल्यांदा रडली होती.

आणि आता तिला दुसरा गियर टिकत नव्हता.

कशीबशी ती नाक्यावरच्या वाळूमिस्त्रीच्या गॅरेजपर्यंत पोचली. दिवाळीनंतर त्यानेच तिचा गिअरबॉक्स उघडून बेअरिंग बदललं होतं. मिस्त्रीने खिडकीतून हात घालून दांडी मागे-पुढे हलवली, मान झटकली आणि निकाल देऊन टाकला.

“दात झिजले, बाई. या गाडीचं सामान आता कुठं मिळायचं नाय. उद्या सकाळी भंगारवाल्याचा टेम्पो मुरबाडला चाललाय. देऊन टाका.”

“उघडून तरी बघा, मिस्त्री.”

“उघडून काय बघायचं? एवढी वर्षं गाड्यांत गेली माझी!”

मावशीने बगळीच्या टपावरून एकदा हात फिरवला. “उतारावर धोका आहे, बाळांनो. पोटुशी बाई घेऊन असं चालवता नाही येणार,” एवढंच म्हणाली आणि पलीकडच्या आरोग्य केंद्राकडे निघून गेली. तिची पाठ रविनाला कधी एवढी वाकलेली दिसली नव्हती.

दुपार टळली होती. मिस्त्री घोंगडीवर आडवा झाला. बगळी जांभळीखाली उभी होती. रविना हळूच तिच्या मागच्या सीटवर जाऊन पडली. उन्हाने तापलेल्या चामड्याचा वास, काचेवर हलणाऱ्या पानांच्या सावल्या, कुठेतरी घुमणारं कवड्यांचं जोडपं. तिने डोळे मिटले, तशी बगळी तिच्या मनात चालू लागली. पहिला गियर घुमायचा. दुसरा गुणगुणायचा, थेट जात्यावर बसलेल्या बाईसारखा. आणि तिसरा पडला की मोटार जणू जमीन सोडून तरंगायची. खिडकीतून डोंगर मागे सरकत जायचे, आणि घाटातलं धुकं आत येऊन मांडीवर बसेल की काय असं वाटायचं...

दुसरा गुणगुणायचा?

रविना ताडकन उठून बसली. डोकं टपाला आपटलं!

“हरेश! जया! दिवाळीत दुसरा गियर कसा वाजत होता?”

“घर्रर्र करायचा,” हरेश म्हणाला. “म्हणून तर बेअरिंग बदललं.”

“पण निसटत होता का?”

हरेशने डोकं खाजवलं. “नाय गो... कधीच नाय! बेअरिंग बदलल्यावर निसटाय लागला. आधी कधीमधी, आता दर उताराला.”

“आता आवाज गेलाय आणि गियर निसटतोय. म्हणजे जुना आजार बरा झाला, आणि हा नवीन लागला. दात काय एका दिवसात झिजतात?”

जयाचे डोळे मोठे झाले. “म्हणजे गॅरेजमध्येच लागला!”

“शूऽऽ! मिस्त्री ऐकेल ना!”

“मग त्यालाच विचारू,” जया म्हणाली. “पण सरळ विचारलं तर हाकलून देईल. हरेश, तू गोड बोलतोस, तूच विचार.”

हरेश तोंडावर भाबडा भाव आणून मिस्त्रीच्या उशाशी जाऊन बसला. “मिस्त्रीकाका, आमची पैज लागलीय. जया बोलते, तुमाला जुन्या जीपमधलं काय कळत नाय.”

मिस्त्री उठून बसला. “कोण बोलतंय?”

“नवेकोरे दात असलेली जीप आहे बघा. तरी उतारावर गियर बाहेर पडतो. का ते सांगा!”

“त्यात काय सांगायचं?” मिस्त्री हसला. “गियर जागेवर धरून ठेवायला आत एक पोलादाची गोळी असते, बोराच्या बीएवढी. मागून स्प्रिंग तिला दाबून धरते. गोळी आतल्या दांडीच्या खाचेत बसली की गियर हलत नाय. गोळी नसली तर निसटणारच!”

“काका,” रविनाने हळूच विचारलं, “बगळीची गोळी बसवली होती ना तुमी?”

मिस्त्रीचं हसू मावळलं. त्याने टोपी काढली, परत घातली.

“बसवली... असेल की. बसवणार नाय तर काय?”

“तेव्हा सामान कुठं धुतलं होतं?”

“त्या परातीत. रॉकेलमध्ये.”

“आणि रॉकेल?”

मिस्त्रीने गॅरेजच्या मागे बोट केलं. तिथे काळ्या गाळाचा एक खड्डा होता. तिघं धावली. फुटक्या रेडिओच्या स्पीकरचं लोहचुंबक जयाने धावताधावताच अडगळीतून उचललं होतं. सुतळीला बांधून तिने ते गाळात फिरवायला सुरुवात केली. खिळे आले. वायसर आले. एक वाकडा चमचा आला.

“चमच्याने गियर बसतो काय?” हरेश म्हणाला.

“गप रे!”

ऊन पिवळं झालं, मग तांबूस. कोपरापर्यंत हात काळे झाले, घाम पुसता पुसता तोंडंही काळी झाली, तरी गोळी काही येईना. रविना मात्र चुंबक सोडेना. तिने ते खड्ड्याच्या अगदी कडेला, दगडाखाली सारलं. टक्! वर काढलं तर चिखलाचा एक थेंब चिकटलेला. तिने तो फ्रॉकला पुसला, आणि बोटांत संध्याकाळचा सूर्य चमकला!

“सापडली! सापडली!”

मिस्त्रीने गोळी तळहातावर घेऊन पाहिली. मग बाह्या सरसावल्या आणि गिअरबॉक्सचं झाकण उघडलं. गोळीची जागा रिकामी! त्याने नवी स्प्रिंग घातली, गोळी बसवली, दातांवरून बोट फिरवलं.

“दात थोडे झिजलेत, पण खूप चालतील. तेल जाड घालतो.” मग बोलावून आणलेल्या मावशीसमोर तो उभा राहिला. “बाई, चूक माझी. माझ्या धाकट्या लेकीला बाळंतपणाला याच गाडीतून नेलं होतं तुमी, आणि मीच ही गाडी भंगारात घालायला निघालो होतो. पोरांनी लाज राखली. असं डोकं मला असतं तर!”

मावशीने तिघांचे काळेकुट्ट हात आपल्या हातांत घेतले. पांढरी साडी खराब होईल याची तिला शुद्धच नव्हती.

“चला, बघू या.”

तोच उतार. मावशीने दोनदा क्लच दाबून दुसरा गियर टाकला आणि पाय सैल केला. रविनाने पुन्हा दोन्ही हातांनी दांडी धरली. वळण जवळ आलं. दांडी थरथरलीसुद्धा नाही. इंजिन मोटारीला मागे ओढत, सावकाश, ऐटीत उतरवत होतं.

“हात सोड, रविना,” मावशी म्हणाली.

रविनाने हात सोडले. बाहेर काजवे लुकलुकू लागले होते, दरीतल्या पाड्यावर चुली पेटल्या होत्या. वळणावर त्याच पाड्यावरची ताराबाई सरपणाची मोळी घेऊन उभी होती. मोटार पाहून तिने हात केला.

“बाय, गाडी भंगारात चालली असं ऐकलं होतं!”

“नाही चालली,” मावशी हसली. “सुनेचे दिवस भरत आले ना? निरोप धाडा. येईन मी.”

ताराबाईने मोळी खाली टेकवली आणि बगळीच्या काचेतून तीन काळ्या तोंडांकडे टकमक पाहत राहिली.

“ही कोण गो भुतं?”

“ही?” मावशी म्हणाली. “ही माझी मिस्त्री मंडळी!”