चाकांना न जोडलेलं इंजिन

"ह्ये इंजिन चाकाला जोडल्यालंच न्हाई," ट्रकखालून सरपटत बाहेर येत आबा म्हणाले. "पोरी, तुला कुणीतरी फशिवलंय."

ही माझ्या लहानपणची गोष्ट. डिझेलच्या ट्रकांचे दिवस तेव्हा भरत आले होते. तुमच्यापैकी कुणी डिझेलचा वास घेतला नसेल. मी घेतलाय. चांगला नव्हता तो, डोकं उठायचं. पण आज कुठून आला तर मी रस्त्यात थांबेन, कारण माझ्या आबांच्या सदऱ्याला तोच वास यायचा.

आबा म्हणजे माझे आजोबा. कराडजवळ आमचं घर आणि घरचा धंदा आकाशपाळण्याचा. पाळण्याचे लोखंडी भाग ट्रकमध्ये भरायचे, जत्रेच्या गावी नेऊन जोडायचे आणि जत्रा सरली की सोडवून पुढच्या गावाची वाट धरायची. आदल्या वर्षी आमचा म्हातारा डिझेल ट्रक करवंदीच्या घाटात कायमचा बसला आणि घाटाखालच्या धारेवाडीला पाळणा पोचलाच नाही. आबांना ते फार लागलं. रागावले की ते खूप बोलायचे, पण वाईट वाटलं की गप्प बसायचे, आणि तेव्हा ते कितीतरी दिवस गप्प होते. मग एकदा जेवता जेवता म्हणाले की यंदाही धारेवाडीत पाळणा धड फिरला नाही, तर तो भंगारात घालायचा आणि स्वस्थ घरी बसायचं. आबांनी दिलेला शब्द फिरवलेला मी कधी पाहिला नव्हता.

प्रणाली आत्या आबांची मुलगी. नव्या ट्रकांची चाचणी घेणाऱ्या एका संस्थेत ती शास्त्रज्ञ होती. जत्रा सुरू व्हायच्या आधी तिने दोन ट्रक आणून आमच्या अंगणात उभे केले, एक निळा आणि एक हिरवा. वापरून बघा आणि पटेल तो ठेवून घ्या, असं तिचं म्हणणं.

निळा पूर्ण विजेवर चालणारा. त्यात होती एक मोठी बॅटरी (वीज साठवून ठेवणारी पेटी) आणि एक मोटर (वीज मिळाली की फिरणारं आणि चाकं फिरवणारं यंत्र). हिरव्यात मोटर तशीच, बॅटरी मात्र निम्मी, आणि शिवाय मळीपासून केलेल्या इथेनॉलवर (उसापासून मिळणारं इंधन) चालणारं छोटंसं इंजिन. आबा आधी त्याच इंजिनाकडे गेले, कारण तेवढंच त्यांच्या ओळखीचं होतं. आणि ते तर चाकांना जोडलेलंच नव्हतं.

आत्या हसली. हे इंजिन चाकं फिरवत नाही, ती म्हणाली, ते फक्त जनित्र (फिरवलं की वीज तयार करणारं यंत्र) फिरवतं. ती वीज बॅटरीत जाते, बॅटरी मोटरला देते आणि मोटर चाकं फिरवते. बॅटरी उतरायला लागली तरच इंजिन सुरू होतं आणि गाडीचा पल्ला (एका दमात जाता येईल तेवढं अंतर) वाढवतं. म्हणून अशा गाडीला पल्लावाढ संकरित गाडी म्हणतात. संकरित म्हणजे दोन जातींचा मेळ घातलेली.

हा द्राविडी प्राणायाम कशाला, असं आबांचं म्हणणं. इंजिन आहे तर सरळ चाकाला जोडा. मलाही ते पटलं, कारण मला तेव्हा आबांचं सगळंच पटायचं. आबा, आत्या आणि मी निळा ट्रक घेऊन धारेवाडीच्या जत्रेला निघालो.

सपाटीवर तो इतका गुपचूप चालला की आबांना करमेना. गाडीला काय होतंय ते आवाजावरून ओळखायची त्यांची सवय, आणि ही गाडी आवाजच करत नव्हती. उलट अधूनमधून शुद्ध मराठीत सूचना देत होती, ते त्यांना मुळीच आवडलं नाही.

घाटमाथ्यावरच्या ढाब्याशी वीज भरायची सोय होती. आत्या आणि मी जेवायला आत गेलो, आबा गाडीपाशीच राहिले. पाळणेवाल्यांची एक रीत होती, घाटाला लागण्याआधी टाकी काठोकाठ भरायची. खाली डिझेल मिळेल न मिळेल. आबांनी त्याच रीतीने बॅटरी शंभर टक्के भरायला लावली. "उतरण्यापूर्वी बॅटरीत जागा ठेवावी," असं गाडीने दोनदा सुचवलं म्हणे. आबांनी तिला सांगितलं की बाई, तुझ्या जन्माआधीपासून मी हा घाट उतरतोय.

घाटात पहिल्याच वळणावर गाडी म्हणाली की वीज साठवायला जागा नाही, साधे ब्रेक वापरा. आबांनी पाय दाबला. लोखंडाचं सगळं वजन पाठीवर घेऊन ट्रक खाली ओढ घेत होता. दोन वळणांत ब्रेकचा जळका वास केबिनमध्ये भरला. आबा पट्टीचे चालक, त्यांनी लगेच कडेची मोकळी जागा बघून गाडी उभी केली. चाकांपाशी हात नेववत नव्हता.

ब्रेक गार होईपर्यंत थांबणं भाग होतं. करवंदीच्या जाळीच्या सावलीत बसून आत्याने मला समजावलं. मोटर चाकांना फिरवते, पण उतारावर उलटं होतं. ट्रक वजनाने खाली धावतो आणि चाकंच मोटरला फिरवायला लागतात. तेव्हा तीच मोटर जनित्र होते. ती वीज बॅटरीत जाते आणि गाडीचा वेगही कमी होतो. याला म्हणतात पुनर्जनन ब्रेक (वेग आवरताना वीज परत मिळवणारा ब्रेक). सगळी वीज परत मिळत नाही, थोडी उष्णतेत जातेच. पण बॅटरी आधीच भरलेली असेल तर नवी वीज जाणार कुठे? भरल्या घागरीत आणखी पाणी कसं मावणार?

"डिझेलची टाकी उतारावर कधी भरत नव्हती, आबा," आत्या हळूच म्हणाली. "ही भरते. म्हणून हिच्यात जागा ठेवायची."

मी मान डोलावली खरी, पण एकच यंत्र वीज खातंही आणि देतंही, हे काही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

आम्ही बसलो होतो तेवढ्यात वारा सुटला. चैत्रातला तो धुळीचा वारा घाटातून घोंघावत खाली गेला. ब्रेक निवल्यावर आम्ही सावकाश धारेवाडीत उतरलो, तोवर दुपार कलली होती. वाऱ्याने वरची विजेची तार तोडली होती. गावात वीज नव्हती, आणि तीच तार घाटमाथ्यावर जात असल्यामुळे ढाब्यावरही नव्हती. म्हणजे जे काही होतं ते ट्रकच्या बॅटरीत, आणि त्यातच कराडपर्यंत परत जायचं होतं.

आम्ही पाळणा जोडेपर्यंत पोरांची रांग लागलीसुद्धा. दोन वर्षांनी पाळणा आला होता. ट्रकमधून केबल ओढून पाळण्याच्या मोटरला वीज दिली आणि पाळणा फिरला. काय आनंद झाला मला. मग पुजारी आले, देवळात दिवा हवा होता. मिठाईवाल्याला हवा होता, पाण्याच्या पंपाला वीज हवी होती. आबांना कुणाला नाही म्हणता येईना. बघता बघता अख्खी जत्रा आमच्या ट्रकवर उजळली.

आणि ऐन रंगात ट्रक बोलला. आता याहून जास्त वीज दिली, तर घाट चढून कराड गाठता येणार नाही.

आबांनी पाळणा थांबवला. रांग तशीच उभी होती, तिचं शेपूट तर देवळाच्या पायरीपर्यंत पोचलेलं. आमच्या पाळण्याचा एक नेम होता, आबांच्या वडिलांपासूनचा. रांगेत उभं राहिलेलं पोर पाळण्यात बसल्याशिवाय घरी जात नाही.

"रांग उभी हाय गं," आबा आत्याला म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. पाळणा भंगारात जाणार, हे मला त्या आवाजातच कळलं.

मग आबांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. त्यांच्या वडिलांचा पाळणा लाकडी होता, हाताने फिरवायचा. त्यांनी केबल काढली, खाली आलेल्या पाळण्याची दांडी धरली आणि रेटली. चाक जेमतेम हललं. ते पाहून गावातली माणसं पुढे आली. बायांनी पदर खोचले. एकाने रेटून सोडलं की दुसऱ्याने धरायचं, असं करत तो लोखंडी पाळणा फिरायला लागला. आबा तोंडाने जुनी लय धरून मोजत होते.

तेवढ्यात पाळण्याच्या कडेचे दिवे मिणमिणले. केबल तर बाजूला पडली होती.

मी आत्याचा हात धरून तिला दाखवलं. तिने काही न सांगता दिव्यांचं बटण बंद केलं, तशी रेटणारी माणसं म्हणाली की पाळणा हलका झाला. तिने पुन्हा चालू केलं आणि दिवे लागताच पाळणा जड झाला. मी पळत जाऊन स्वतः दांडीला हात लावून पाहिलं. खरंच जड होता. पाळण्याचे दिवे आणि मोटर एकाच तारेवर होते. मगाशी वीज मोटरला फिरवत होती आणि मोटर पाळण्याला. आता पाळणा मोटरला फिरवत होता आणि मोटर वीज देत होती. आणि वीज फुकट मिळत नव्हती, ती दांडीवर मागे ओढत होती. घाटात ट्रकला आवरणारी ओढ हीच. मला कळलं, आणि कळल्याचा एवढा आनंद झाला की मी तिथेच नाचले.

रांगेतलं शेवटचं पोर बसून उतरलं, तेव्हा आबांच्या हातांना फोड आले होते. नेम मोडला नव्हता. पण दर वर्षी गावाच्या हातांवर पाळणा चालवता येत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही बॅटरी जपत जपत घरी आलो. अंगणात हिरवा ट्रक उभा होता आणि आबा त्याच्याकडे बघायलाही तयार नव्हते.

तो बघता बघता मला एकदम सुचलं. डिझेलच्या दिवसांत आमच्याकडे एक जनरेटर होता, दोनचाकी गाड्यावरचा, जत्रेभर धडधडणारा. तो मैदानाच्या कडेला असायचा आणि पाळणा मधोमध.

"आबा, आपल्या जनरेटरचं इंजिन तरी पाळण्याला कुठं जोडलेलं होतं?" मी विचारलं.

आबा उठले आणि हिरव्या ट्रकखाली पुन्हा शिरले. बाहेर आले तेव्हा हसत होते. जनरेटरचं इंजिन पाळणा वर जावो की खाली येवो, एकाच संथ चालीने चालायचं, म्हणून तेल कमी खायचं, हे त्यांनीच मला सांगितलं. चाकाला जोडलेल्या इंजिनाला मात्र चढ, उतार, वळण, सगळ्याला सारखी चाल बदलावी लागते.

आत्या प्रामाणिक होती, म्हणून तिने हिरव्याची उणी बाजूही सांगितली. इंजिन आलं की त्याचं तेलपाणी आलं, दुरुस्ती आली, थोडा धूरही आला, आणि एरवी लागत नसताना त्याचं ओझं वाहावं लागतं. डेअरीचा ट्रक रोज त्याच रस्त्याने जातो आणि संध्याकाळी आपल्या जागी येऊन वीज भरतो. डेअरीवाल्याने डोळे मिटून निळा घ्यावा. तुमचा रस्ता दर आठवड्याला नवा, मुक्काम नवा, आणि तिथे वीज असेल की नाही ते वाऱ्यावर. गाडी चांगली कुठली असं विचारू नका, ती म्हणाली, आपल्याला जायचंय कुठे ते आधी विचारा.

"वर्षातनं एकदाच लागंल ते इंजिन," आबा म्हणाले. "पर त्या एकदाला रांग मोडायची न्हाई मला."

हिरवा ट्रक राहिला आणि पाळणाही राहिला. आबांनी पुढे कितीतरी वर्षं तो धारेवाडीला नेला, आणि घाटमाथ्यावर बॅटरीत जागा ठेवायला ते कधी विसरले नाहीत. इंजिन बहुतेक वेळ झोपलेलंच असायचं. मी शिकले, बॅटऱ्यांचंच काम करायला लागले. धारेवाडीने देवळामागच्या माळावर सौर पट्ट्या (उन्हापासून वीज करणारी तावदानं) बसवल्या, वीज साठवायची सोय केली. मागच्या चैत्रात तर गावातल्या मुलींनीच केबल आणून आमच्या ट्रकला जोडली आणि ऐटीत सांगितलं की यंदा आमची वीज घ्या. त्या वर्षी इंजिन एकदाही लागलं नाही.

इंजिन उतरवून टाकायचं आम्ही ठरवलं. आदल्या दिवशी आबा अंगणात खाटेवर बसले होते. आता त्यांना फारसं चालवत नाही.

"एकदा चालू कर, मुक्ते," ते म्हणाले. "ऐकू दे."

मी चालू केलं. इंजिन खोकलं आणि मग धडधडायला लागलं. आबांनी डोळे मिटले. मीही मिटले. त्या आवाजात सगळ्या जत्रा होत्या, गुडदाण्या होत्या, पहाटेचे घाट होते. शेजारची पोरं आवाज कसला म्हणून कुंपणाशी गोळा झाली. त्यांनी असं काही ऐकलंच नव्हतं. त्यांतलं एक खोकलं.

आबांनी डोळे उघडले.

"बंद कर आता," ते म्हणाले. "पोरांच्या नाकात धूर जातोय."

दुसऱ्या दिवशी आम्ही इंजिन उतरवलं. ट्रकमध्ये मोकळी झालेली ती जागा आम्ही अगदी लहान मुलांच्या छोट्या पाळण्याला दिलीय. पुढच्या चैत्रात तो धारेवाडीत पहिल्यांदा फिरेल.