मधला आकडा

माझ्या खिडकीबाहेर, दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर, एक तरुण लटकत होता. कमरेला दोरी, दातांत सुतळी, आणि पाठीमागे फडफडणाऱ्या फ्लेक्सवर पुरुषभर उंचीची अक्षरं — 'जगातला सर्वांत वेगवान लॅपटॉप! १८४० गुण!'

मी खिडकी उघडली. "अहो, तळटीप कुठंय?"

सुतळी खाली पडली. "काय कुठंय?"

"तळटीप. चाचणी किती वेळा घेतली, तुलना कोणाशी केली..."

"मॅडम, मी घसरतोय."

"मग लवकर सांगा."

आमचं पहिलं बोलणं ते एवढंच.

संगणकांच्या वेगाची चाचणी आमचं मंडळ तयार करतं. गुण कोणीही जाहिरातीत खुशाल छापावेत. अट एकच — चाचणी तीनदा घ्यायची आणि मधला आकडा छापायचा. सर्वांत चांगला आकडा म्हणजे स्थळाबरोबर आलेला फोटो. मधला आकडा म्हणजे तोच माणूस सकाळी, दात घासायच्या आधी. संसार त्याच्याशी करायचा असतो.

दुसऱ्या दिवशी चार वाजता तो माझ्या टेबलासमोर हजर. जाहिरात त्यानंच लिहिली होती. फ्लेक्स लावणारे आले नाहीत म्हणून वर चढलाही तोच. तळहातावर दोरीचे लाल वळ.

"किती वेळा घेतली चाचणी?"

"एक्केचाळीस."

"आणि छापली कुठली?"

"त्यातल्या त्यात... बरी."

मी नोटीस लिहायला घेतली. सात दिवसांत पुन्हा चाचणी, नाहीतर फ्लेक्स उतरवा.

"साहेब म्हणालेत, फ्लेक्स उतरला की तूही उतर. कायमचा."

माझं पेन थांबलं. त्याचे डोळे बदामी होते — नियमावलीत याबद्दल काहीच तरतूद नाही. मी सही केली. चार वाजून दहा मिनिटं.

तो निघाला. दारात पंधरा मिनिटं रेंगाळला. परत आला.

"एक राहिलं... लॅपटॉप तेव्हा फ्रिजमध्ये होता."

"कशात?"

"फ्रिजमध्ये. गार असला की पळतो. खालचा कप्पा... भाजीचा." त्याचे कान लालबुंद झाले. "तुम्ही विचारलं नव्हतं. पण नोटीस अर्धवट राहायला नको."

थापा मारणारे मी रोज बघते. न विचारता कप्पा सांगणारा हा पहिलाच. मी घड्याळाकडे बघितलं.

सकाळी मी त्याची फाइल मामांपुढे ठेवली. मामा आमचे सर्वांत जुने परीक्षक. सगळे त्यांना मामाच म्हणतात.

"फाइल सोडायचं कारण?" त्यांनी फॉर्म पुढे ओढला.

"हितसंबंध."

"नात्यातला? कोण लागतो?"

"अजून... लागायचाय."

मामांनी मान वर न करता लिहिलं. "कधीपासून?"

"काल. चार-पंचवीस."

दुपारी तो आला, तर फाइल दुसऱ्या टेबलावर. चेहरा खर्रकन उतरला. "माझं काही चुकलं?"

"एक्केचाळीस गोष्टी."

"बेचाळीस. फ्रिज धरून." तो हसला, पण अर्धंच.

मग आठवडाभर तो मामांच्या टेबलाशी बसून माझ्याकडे बघायचा आणि मी बघितलं की उठून कूलरकडे जायचा. इतकं पाणी प्यायला की शेवटी मामांनी हळूच मधुमेहाची चौकशी केली.

सातव्या दिवशी खिडकीबाहेर नवा फ्लेक्स होता: '१५१२ गुण. याच किमतीच्या नऊ लॅपटॉपमध्ये दुसरा. तीन चाचण्यांतला मधला आकडा. खोलीचं तापमान चोवीस. फ्रिज वापरलेला नाही.'

खाली रस्त्यावर त्याचे साहेब दोन्ही कानांना दोन फोन लावून उभे होते. गावभरातून एकच प्रश्न येत होता — फ्रिज कशाला? आणि विचारता विचारता लोक लॅपटॉपही मागत होते. साहेबांना यातलं काहीच कळेना, त्यामुळे त्याला काढायची त्यांची छाती झाली नाही.

चार वाजता तो पुन्हा दोरीवर. घट्ट असलेलं टोक आणखी घट्ट करत.

"एक सांगायचंय," तो म्हणाला. "तू जगातली सर्वांत —"

'तू' मी ऐकलं. सोडून दिलं. "जगातली? तुलना कोणाशी?"

त्यानं सुतळीला उगाच एक गाठ मारली. "पुन्हा घेतो. तुझा... तुझा स्टेपलर छान आहे."

"आणखी एकदा."

त्यानं डोळे मिटले. फ्लेक्सही फडफडायचा थांबला. "तुझ्यासमोर आलं की खरं बोलावंसं वाटतं. आधी फारसं वाटायचं नाही. रोज वाटलं तर... आवडेल मला."

"पहिलं फार चढलेलं, दुसरं पार पडलेलं," मी म्हणाले. "तिसरं मधलं."

"म्हणजे?"

"छापायला हरकत नाही."

"मग फाइल का सोडलीस? मला वाटलं, मी नकोसा झालो..."

मी खणातून फॉर्मची प्रत काढून त्याच्या डोळ्यांसमोर धरली. तो ओठ हलवत वाचत गेला. कारण — हितसंबंध. कधीपासून —

"चार-पंचवीस..." त्याचे कान पुन्हा लाल झाले. "म्हणजे भाजीचा कप्पा?"

"भाजीचा कप्पा."

तो माझ्याकडे बघतच राहिला. हातातली दोरी विसरून.

"ऐक ना... मी घसरतोय."

या वेळी मी काही विचारलं नाही. आधी हात दिला.